टोंगऱ्यातलं पाणी

अशी जवळ सरक बाई, आणखी थोडी. तू नागपुरात आणि मी इकडे सानगडीच्या बाजूला, पण वाचताना तरी माझ्याजवळ बसली आहेस असं समज. आधी रागावून घेते. परवाच्या लग्नात तू पंगतीतून उठताना एक हात भिंतीला लावलास, दुसरा शेजारणीच्या खांद्यावर ठेवलास, आणि मी पाहते आहे हे दिसल्यावर हसून म्हणालीस, "काही नाही मावशी, पाय झोपला." माझ्या सख्ख्या बहिणीची पोर तू, आणि माझ्यापाशी खोटं बोललीस. पाय झोपला की माणूस पाय झटकतो, ओठ दाबून धरत नाही. ओठ दाबले जातात ते टोंगऱ्याच्या दुखण्यानं. टोंगरा म्हणजे गुडघा, हे तू अजून विसरली नसशील. शहरात राहून शब्द बदलला असेल, दुखणं तेच आहे.

म्हणून तुला माझी गोष्ट लिहून पाठवते. तोंडानं सांगितली तर तू अर्ध्यातच चहा ठेवायला उठशील. मी शाळेत गेली नाही, मुलींच्या पाटीवर गिरवून जेवढं आलं तेवढ्यावर लिहिते. चुकलं असेल तिथे तुझं तू दुरुस्त करून घे.

ऐंशी सालाच्या जरा अलीकडची-पलीकडची गोष्ट. मी पंचेचाळिशीला आली असेन. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून एक रोवणा चुकवला नव्हता. पावसाळ्यात बांधीत पोटरीभर चिखल, त्यात वाकून धानाची रोपं रोवत मागं मागं सरकायचं, दिवसभर. कापणीला उकिडवं बसून विळा चालवायचा. घरी आली की चुलीपुढे पुन्हा उकिडवं. सारवण, भांडी, निवडणं-टिपणं, सगळं जमिनीवर. आपल्या बायकांचा सगळा संसार जमिनीपासून वीतभर उंचीवर चालतो, हे माझ्या टोंगऱ्यांनी बोंब मारली तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं.

आधी नुसतं कटकट वाजायचं. मग सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं जड जाऊ लागली. मग उजवा टोंगरा सुजला. टोरीचं तेल लावलं, म्हणजे मोहाच्या बियांचं, निरगुडीचा पाला बांधला, मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं. शेकलं की बरं वाटे, कामाला लागली की पुन्हा तेच.

पण दुखतं म्हणून मी घाबरली नव्हती. दुखण्याची सवय बाईला असते. माझी भीती वेगळीच होती, आणि ती लाजेनं कोणाला सांगता येत नव्हती. तेव्हा घरात संडास नव्हता. पहाटे लोटा घेऊन बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीपलीकडे जायचं. बसणं कसंबसं जमायचं, उठणं जमेना. एका हातानं झुडूप धरायचं, दुसरा हात मातीत रोवायचा, आणि देवाचं नाव घेऊन वर यायचं. एक दिवस ते झुडूप मुळासकट हातात आलं. त्या दिवशी मी किती वेळ तिथे तशीच होती ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही, तुलाही नाही सांगणार. घरी येताना डोक्यात एकच विचार. असा एक दिवस येईल की मला उठताच येणार नाही, आणि कोणाला तरी हाक मारून म्हणावं लागेल, या, मला उचला. त्यापेक्षा मेलेलं बरं असं तेव्हा वाटलं होतं.

शेवटी नवऱ्याच्या मागं लागली, तेव्हा तो भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे न्यायला तयार झाला. फाल्गुनातले दिवस, धान घरात येऊन पडलं होतं, त्यालाही सवड होती. बस कारध्याच्या पुलावर आली, खाली वैनगंगा, आणि हा मला म्हणतो, "डॉक्टरले सारं सांगजो, लाजू नको."

मी म्हटलं, "तुमी सांगा ना."

"मले का दुखते का तुह्या टोंगऱ्याचं?"

झालं. डॉक्टर पुण्याकडचे होते, बोलणं साफ पण भराभर. टोंगरा दाबून पाहिला, पाय वाकवला, सरळ केला. म्हणाले, "गुडघ्याची झीज आहे, आणि पाणी झालंय. ते पाणी आधी कमी करायला हवं." गोळ्या लिहून दिल्या. "खाली बसायचं नाही," असंही म्हणाले. ते मला इतकं अशक्य वाटलं की मी ते तिथेच सोडून दिलं. खाली नाही बसायचं तर काय झाडावर बसायचं? त्यांनी आणखी काहीतरी सांगून एक छापील कागद हातात दिला. तो नवऱ्यानं घडी करून खिशात घातला, आणि पुढे तो सदऱ्याबरोबर धुतला गेला.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "कोणतं पाणी कमी कराचं म्हणे?"

नवरा म्हणाला, "आता पाणी म्हणजे पाणीच. पेणं कमी कर."

मला पटलं. तू हसशील, पण तेव्हा मला फारच पटलं, आणि मला एकटीलाच नाही. आमच्या रोवण्याच्या टोळीत माझ्यासारख्या टोंगरेदुखीच्या आणखी दोघी होत्या. एक शेजारची काकी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. दुसरी गावच्या तेलिणीची जाऊ, लठ्ठ आणि बोलघेवडी. दोघी विहिरीवर भेटल्या तेव्हा मी डॉक्टरचं सांगितलं. काकीनं लगेच माझ्या टाचा पाहिल्या. बांधीच्या चिखलानं भेगा पडलेल्या, इतक्या खोल की त्यात रुपाया उभा राहावा.

"हे पाय," काकी म्हणाली. "इथून शिरलं पाणी. तीस वर्स बांधीत उभी राहून राहिली तू. चढत चढत टोंगऱ्यापावेतो आलं."

तेलिणीची जाऊ म्हणाली, "मंग माह्या तं कमरेपावेतो आलं असन."

"तुह्या डोक्यापावेतो आलं," काकी म्हणाली, "म्हून तं तू इतकी बडबडते."

हसलो, पण घरी जाऊन तिघींनी टाचांच्या भेगांत मेण भरलं. वरचं पाणी वरून बंद, खालचं खालून बंद. आम्ही दिवसाला दोन गडू पाण्यावर आलो. त्या दोघींनी आठ दिवसांत सोडून दिलं, कारण त्यांना कोणा डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं, म्हणून मी नेमानं पाळलं. चैत्र गेला, वैशाख आला. आपल्याकडचा वैशाख तुला ठाऊक आहे, दुपारी कावळासुद्धा बोलत नाही. ओठ फाटले, लघवीला जळजळ होऊ लागली, डोकं जड. मी समजली, पाणी उतरून राहिलं आहे. थोडी सूज कमी झाल्यासारखीही वाटली. माणसाला जे पाहायचं असतं ते दिसतं बाई.

आता इथे तुला घरातली एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं तुला कळणार नाही. तुझ्या सासरी आता तसं काही राहिलं नाही.

आमच्या घरी माझे भासरे होते. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांची सावली ओलांडायची नाही, आणि ते जिथे असतील तिथे बाजेवर, खुर्चीवर, पाटावर, कशावरही चढून बसायचं नाही. जमिनीवरच. त्यांनीही माझ्याशी बोलायचं नाही. माणूस वाईट नव्हता, चाल तशी होती. सव्वीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो, एका चुलीचं खाल्लं, आणि एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. जाऊबाई होत्या तोवर निरोप त्यांच्या तोंडून जायचे. त्या गेल्या तेव्हापासून निरोप भिंतीला सांगायचे.

छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून ते खांबाकडे पाहून म्हणत, "आज ताक मिळालं असतं तं बरं झालं असतं."

मी आतून मडक्याला सांगे, "ताक फळीवर झाकून हाय."

मग ते उठून फळीवरचं ताक घेत. सवयीनं सगळं सुरळीत चाले. मुली म्हणत, "आपल्या घरातले खांब अन् मडके सारे कामाचे हायत."

आदल्या वर्षी भासऱ्यांनी कुठूनशी एक लाकडी खुर्ची आणली होती, जरा उंच, दोन्ही बाजूंना हात असलेली. छपरीत ठेवून दिवसभर तिच्यावर बसत. दुपारी बाजेवर पडून पाय वर-खाली करत. घरात सगळे म्हणाले, साठीत शौक सुटला. नवरा एकदा माझ्यापाशी कुरकुरलासुद्धा, "दादाले पाटील व्हाचं हाय आता." मीही हसली होती. हसायचं नव्हतं.

वैशाखातलं एक लग्न होतं लाखनीकडे. घरचे सगळे बंडी जुंपून गेले. पंगतीत मांडी घालून बसणं होणार नाही म्हणून मी राहिली. घरच्या गुरांना पाणी कोण दाखवील म्हणून भासरे राहिले. दुपारची वेळ. चुलीपुढे उकिडवी बसून मी भात उतरवला, वरणाला फोडणी दिली, आणि उठायला गेली तर दोन्ही टोंगरे धरले गेले. जोर केला तर डोळ्यांपुढे सगळं पिवळं झालं. भिंतीला पाठ लागली आणि मी तशीच घसरत खाली. पडली म्हणायचं नाही, पण बसलीही नव्हती. पदर खांद्यावर. हात उचलावा तर हात उचलेना. जीभ टाळूला चिकटलेली.

छपरीत भासरे खोकले. जेवणाची वेळ झाली की ते खोकत, म्हणजे वाढायला हरकत नाही. मी काही बोलली नाही. ते पुन्हा खोकले. मग मोठ्यानं खांबाला म्हणाले, "आज जेवण नाही वाटते." काठीचा आवाज जवळ आला आणि दाराशी थांबला. सव्वीस वर्षांत ते त्या दारापर्यंत कधी आले नव्हते.

मी सारं बळ लावून पदर ओढायला गेली.

"पदर राहू दे," भासरे म्हणाले. "पाणी पे."

त्यांनी मला सांगितलं. खांबाला नाही, मला. तो आवाज सव्वीस वर्षं मी ऐकत होती, पण माझ्याकडे तोंड करून कसा येतो ते ठाऊक नव्हतं. त्यांनी छपरीतल्या माठातून लोटा भरला, उंबऱ्याच्या आत जमिनीवर ठेवला, आणि काठीच्या टोकानं हळू हळू माझ्याकडे सरकवला. हातानं दिला असता तर आणखी एक मर्यादा मोडली असती. तेवढी त्यांनी राखली. थोडं पाणी सांडलं, सारवणावर त्याची रेघ उठली.

मी मान हलवली. म्हटलं, "डॉक्टरनं मना केलं हाय."

"कायचं मना केलं?"

"पाणी. टोंगऱ्यात पाणी झालं म्हणे. पेणं कमी कराचं."

दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून भासरे उंबऱ्यावर बसायला लागले. मी त्यांना बसताना पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं. आधी एक पाय लांब पुढे, मग सगळा भार हातांवर, मग ओठ दाबून एकदम खाली. टोंगरे असे वाजले की मला चुलीपर्यंत ऐकू आलं. हे मी ओळखते, मी स्वतः असंच बसते.

"माह्या टोंगऱ्यातबी झालं होतं," ते म्हणाले. "मागच्या साली. तुमसरच्या मिलवर धानाचा भाव पाहाले जातो म्हून सांगतलं घरी, अन् भंडाऱ्यात उतरून डॉक्टरकडे गेलो. घरी कोणाले सांगाव? बुढा झाला म्हणले असते, नांगर सोडवला असता. ते पाणी अलग, हे पाणी अलग. बंडीच्या आसाले वंगण नसते का? तसं सांध्यात असते. सांधा घासला का ते वाढते, सूज येते. पेण्याच्या पाण्याचा काही संबंध नाही. अकल नाही का तुमाले दोघा नवरा-बायकोले? पे आधी."

मी प्याली. एक लोटा, मग त्यांनी दुसरा सरकवला, तोही प्याली. पोटात थंडगार उतरलं, आणि बाई, मी रडायला लागली. दुखत होतं म्हणून नाही. दोन महिने मी रोज तहानेनं जागी होत होती, आणि ते सगळं फुकट होतं म्हणूनही नाही. माझ्यासारखं दुसरं कोणी आहे, आणि ते माझ्याच घरात भिंतीपलीकडे आहे, हे कळलं म्हणून.

मी उठू कशी? ते मला हात लावू शकत नव्हते. ते चौकट धरून उठले, छपरीत गेले, आणि खुर्ची ओढत आणली. काठीनंच ती माझ्यापर्यंत ढकलली. "हातावर जोर दे, पायावर नाही," म्हणाले, आणि तोंड फिरवून उभे राहिले. मी खुर्चीचे दोन्ही हात धरले, ओढत ओढत वर आली, आणि दम लागून तिच्यातच बसली.

ते वळले. मी खुर्चीवर, भासरे उंबऱ्याशी काठी टेकून उभे. मी लगेच उतरायला गेली.

"बसून राय," ते म्हणाले. "कोण पाहून राहिलं? अन् पाहिलं तं पाहिलं. डॉक्टरनं तुलेबी सांगतलं असन, खाली बसाचं नाही म्हून."

"सांगतलं."

"मंग?"

त्या दिवशी आम्ही जेवलो ते असं. त्यांनी आपलं आपण वाढून घेतलं, छपरीत बाजेवर बसून खाल्लं. मी खुर्चीवर बसून मांडीवर ताट घेऊन. तशी मी आयुष्यात कधी जेवली नव्हती. वरण गार झालं होतं, पण मला ते फार गोड लागलं.

घरचे परत आले तेव्हा मी खुर्चीवरच होती. नवरा दारात थांबला. एकदा माझ्याकडे, एकदा भावाकडे पाहिलं.

"दादा, हे काय?"

"खुर्ची हाय," भासरे म्हणाले. "तिचे टोंगरे गेले. माहेबी गेले. तुह्ये गेले का तुलेबी आणून देतो."

तेव्हाच नवऱ्याला कळलं की भाऊ वर्षभर काय लपवत होता. संध्याकाळी तो बैलांना चारा टाकताना बराच वेळ भावाजवळ उभा राहिला. पाटील होण्याचं पुन्हा बोलला नाही.

गावात बोललेच. विहिरीवर एकीनं मला ऐकवलं, "भासऱ्यासमोर खुर्चीत बसते म्हणे. आता पंख्यानं वारा घालाले कोण ठेवलं?" काकी बाजूला घागर भरत होती. ती म्हणाली, "तू बस ना व उकिडवी. आमी तुह्ये पाय उचलाले येऊ." पुढे तीच टोमणा मारणारी टोंगरे धरून आमच्या घरी आली, पण ते नंतर.

भासऱ्यांनी डॉक्टरचा कागद जपून ठेवला होता, पंचांगात घालून. आमचा धुतला गेला होता, त्यांचा साबूत. त्यात चित्रं होती. बाजेवर पाय लांब करून टोंगऱ्याखाली कापडाची गुंडाळी ठेवायची, ती टोंगऱ्यानं खाली दाबायची, दहा मोजायचे, सोडायची. बाजेच्या कडेला बसून एक पाय सरळ उचलायचा, दहा मोजायचे, खाली. मांडीला जोर आला की टोंगऱ्यावरचा भार कमी होतो, असं ते म्हणाले. रोज दोनदा. दुखलं तर थांबायचं, पण सोडायचं नाही.

आता भासऱ्यांसमोर बाजेवर पाय लांब करून मी कशी पडू? खुर्चीपर्यंत ठीक होतं. शेवटी तोड निघाली. छपरीची बाज आणि माझ्या खोलीतली बाज, मधे मातीची भिंत. ते पलीकडे, मी अलीकडे. दुपारी जेवणानंतर ते मोठ्यानं मोजत. "एक... दोन... तीन..." मी त्या मोजणीवर पाय उचले. पहिल्या दिवशी माझा पाय चारावरच थरथरत खाली आला. पण पलीकडे मोजणं चालू होतं, थांबायची लाज वाटे, म्हणून पुन्हा उचले. आठवड्यानं सातापर्यंत गेली.

एक दिवस पलीकडून आलं, "पाच... सहा... सात... दहा."

मी भिंतीला म्हटलं, "आठ-नऊ राहिले."

पलीकडून उत्तर, "आज दुखून राहिलं."

"मंग आज पाचच करा. पण चोरी नका करू."

त्यांचं हसणं भिंतीतून ऐकू आलं. त्यानंतर ते रोज दहा मोजत, आणि दुखलं तर खरं सांगत. मीही सांगे. तुला वाटेल यात काय एवढं. पण पोरी, दुखणं लपवण्यात माणसाची जेवढी ताकद जाते ना, तेवढी दुखण्यात जात नाही. ती ताकद आम्हा दोघांचीही वाचली.

मग एक-एक गोष्ट होत गेली. गावच्या मिस्त्रीकडून त्यांनी चुलीसाठी कमरेइतका मातीचा ओटा घालून घेतला. उभ्यानं स्वयंपाक, मधे दम लागला तर खुर्चीवर. गावात पहिली उभी चूल आमची. बायका पाहायला आल्या आणि म्हणाल्या, अशा चुलीवरच्या भाकरीला चव येत नाही, आणि भाकरी खाऊन गेल्या. शेक रोज संध्याकाळी. टोरीचं तेल मी सोडलं नाही. डॉक्टरला नंतर विचारलं तर म्हणाले, चोळा पण जोरात नको. भाताचे दोन घास कमी केले, म्हणजे अंगाचा भार कमी. सारवण मुलींकडे गेलं, मी डाळ-तांदूळ निवडणं उभ्या ओट्यावर घेतलं.

आणि एक गोष्ट अशी झाली की जिच्याबद्दल आमच्या घरात आजवर कोणी एक शब्द काढला नाही. ज्येष्ठात एका सकाळी मी मागच्या वाडीत गेली तर कोपऱ्यात बांबूच्या तट्ट्याचा आडोसा उभा. आत खड्डा, खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीत घट्ट रोवलेले दोन लाकडी खांब, हाताला येतील इतक्या उंचीवर, वर आडवा दांडा. दांडा रंधा मारून गुळगुळीत केलेला, हाताला काटा लागू नये म्हणून. कोणी केलं मी विचारलं नाही. नवऱ्याला रंधा धरता येत नाही. भासऱ्यांना येत होता.

मी तो दांडा धरला, बसली, उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. कारण नसताना. कोणाला हाक मारावी लागली नाही. ज्या भीतीनं मी वर्षभर आतल्या आत वाळली होती, ती त्या दोन खांबांमधे राहून गेली. बाहेर आली तेव्हा मी इतकी मोकळी होती की कोंबड्यांशी बोलत होती.

आषाढात रोवणा आला. वाकून रोवणं मी सोडलं, ते सोडावंच लागलं, आणि पहिल्या दिवशी वाईट वाटलं हे खोटं बोलणार नाही. मी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, रोपांच्या जुड्या बायांना पोचवू लागली. तेलिणीची जाऊ चिखलातून ओरडली, "आता ह्या मालकीणबाई झाल्या." मी म्हटलं, "दुपारी ये घरी, तुलेबी मालकीण करते." आली. काकी आली. मग ती विहिरीवरची टोमणेवाली आली. खोलीत दोन बाजा झाल्या, आम्ही पाळीपाळीनं पाय उचलायचो आणि भिंतीपलीकडून मोजणी यायची. काकी म्हणे, "मास्तर, जरा सावकाश." पलीकडून उत्तर येई, "शाळेत बोलाचं नाही." आम्हाला हसू आवरेना. कोणाचे टोंगरे नवे झाले नाहीत. झीज झाली ती झाली. काकीचं तर पुढे काठीवर आलं. पण आम्ही कोणी जमिनीवर पडून राहिलो नाही.

त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. पाऊस लागला की टोंगरे अजून कुरकुरतात, थंडीत सकाळी पंधरा मिनिटं मला कोणी बोलू नये. बाकी माझी मी उठते. भासरे थकले आहेत, आवाज बारीक झाला, पण दुपारची मोजणी चुकवत नाहीत. आम्ही आजही समोरासमोर फारसं बोलत नाही, सवय नाही. भिंतीतून मात्र पुष्कळ बोलतो.

तुझं दुखणं आत्ता सुरुवातीचं आहे. तू सासूपासून लपवते आहेस, नवऱ्यापासून लपवते आहेस, हे मला त्या पंगतीत दिसलं. तुझ्या सासूचे पायही मी पाहिले. ती जिना उतरताना कठडा का धरते, विचारून पाहा एकदा. डॉक्टरकडे जा, आणि तो काय बोलला ते नीट समजून घे. नाही कळलं तर दोनदा विचार, लाजू नको, आमच्यासारखं करू नको.

आणि इकडे ये. पोरांच्या शाळेला सुट्टी लागायची वाट पाहू नको, त्याच्या आधी ये, या महिन्यातच. साकोलीला उतरून दुसरी बस घे. त्या बसची पायरी उंच आहे. कंडक्टरला म्हण, भाऊ, दोन मिनिटं थांबा. चढताना बरा पाय आधी वर टाक, उतरताना दुखरा पाय आधी खाली. सानगडीच्या फाट्यावर तुझा मावसा बंडी घेऊन उभा राहील, फक्त कोणत्या दिवशी येतेस तेवढं पत्रात लिही. सासूलाही घेऊन ये. खोलीत तिसऱ्या बाजेला जागा आहे.